फुगलेले खिळे, खचलेले खिळे

पेटारा त्याच संध्याकाळी गेमच्या बिल्डमध्ये, म्हणजे चालवून बघायच्या आवृत्तीत, जायचा होता. लाकडी पेटारा, त्याला लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांवर घुमटासारख्या डोक्यांचे खिळे आणि समोर कडी-कोयंडा. खेळाडू त्या खोलीत शिरला की आधी त्याला हाच दिसणार, म्हणून मी त्यावर पुरते नऊ दिवस घातले होते. कोयंड्याभोवती हात लागून लागून चकाकलेलं लोखंड, झिजलेल्या कडा, तळाशी ओल चढून काळवंडलेल्या फळ्या. सकाळी तो अनरियल या गेम इंजिनमध्ये इम्पोर्ट केला, लेव्हलमध्ये जागेवर ठेवला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

पेटाऱ्याच्या पुढच्या बाजूला एक आडवी पट्टी आहे आणि तिला छेदणाऱ्या दोन उभ्या. उभ्या पट्ट्यांवरचे खिळे टपोरे, हवे तसे. आडव्या पट्टीवर मात्र खिळ्यांच्या जागी खड्डे दिसत होते, ओल्या मातीत बोट दाबल्यासारखे. पट्ट्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे तर एक फुगलेला खिळा आणि त्याला लागून एक खचलेला. दोन्ही एकाच हाय पॉली, म्हणजे सगळा तपशील घडवलेल्या मॉडेलवरून, एकाच वेळी बेक केलेले, म्हणजे टेक्श्चरमध्ये, मॉडेलवर चढवायच्या चित्रात, उतरवलेले.

हे खिळे गेममधल्या मॉडेलमध्ये मुळात नसतातच. माझं हाय पॉली मॉडेल जवळपास १४ लाख त्रिकोणांचं होतं, त्यात प्रत्येक खिळा खरोखर घडवलेला. गेममध्ये जातं ते ३,८०० त्रिकोणांचं, आणि त्यातली पट्टी अगदी सपाट. खिळ्यांचा उठाव नॉर्मल मॅप नावाच्या टेक्श्चरमध्ये उतरवतात. त्यातला पिक्सेल रंग सांगत नाही, दिशा सांगतो. लाल चॅनलमध्ये डावी-उजवीकडचा कल, हिरव्यात वर-खालचा, निळ्यात पृष्ठभागातून बाहेर येणारी दिशा. सपाट भागावर, ० ते २५५ च्या मापात, १२८, १२८, २५५ हे आकडे येतात. हे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेला तो फिकट जांभळा. पृष्ठभाग तसाच राहतो, फक्त प्रकाशाचं गणित वेगळं होतं आणि आपल्याला उंचवटा दिसतो. कल्पना जुनी आहे. पृष्ठभाग न हलवता नुसता नॉर्मल डळमळवून सुरकुत्या दाखवता येतात, हे जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्येच मांडलं होतं.

माझा पहिला संशय मिरर केलेल्या यूव्हींवर गेला. यूव्ही म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग उलगडून टेक्श्चरवर सपाट मांडलेला नकाशा. पेटाऱ्याची डावी-उजवी बाजू मी एकाच यूव्हीवर बसवली होती आणि अशा ठिकाणी नॉर्मल उलटण्याचे प्रकार पूर्वी पाहिले होते. पण पुढची बाजू मिरर केलेलीच नव्हती. मग टेक्श्चरची एसआरजीबीची खूण तपासली, म्हणजे हे चित्र रंगांचं आहे असं इंजिनला सांगणारी. ती चुकून राहिली तर १२८ हा मधला आकडा मधला राहत नाही, इंजिन तो निम्म्याऐवजी साधारण ०.२२ असा वाचतं आणि सगळा पृष्ठभागच तिरका असल्यासारखा उजळतो. तीही बरोबर होती. मग केज, म्हणजे बेक करताना मॉडेलभोवती धरलेलं कवच, थोडा फुगवून पुन्हा बेक केलं. दुपारपर्यंत तीनदा बेक झालं आणि तिन्ही वेळा तेच खिळे, तेच खड्डे. ब्लेंडरमध्ये, म्हणजे मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडलं की मात्र सगळं ठीक! तिथे एकही खिळा खचलेला नव्हता.

आमच्याकडचे टेक्निकल आर्टिस्ट वयाने आणि अनुभवाने सगळ्यांत मोठे, आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. ते येऊन माझ्या मागे उभे राहिले. मी काय काय तपासलं ते भराभर सांगत सुटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "दिवा फिरव बघू."

त्या खोलीत उजेड वरच्या खिडकीतून येत होता. मी तो दिवा उचलून पेटाऱ्याच्या डाव्या बाजूला, त्याच्याच उंचीवर आणला. आडव्या पट्टीवरचे खड्डे फुगून खिळे झाले आणि इतका वेळ टपोरे दिसणारे उभ्या पट्ट्यांवरचे खिळे आत गेले. दिवा परत वर नेला की परत आडवे आत, उभे बाहेर. मी चार-पाच वेळा तेच केलं.

"आता यूव्ही उघड," दादा म्हणाले.

उघडताक्षणी लक्षात आलं. आडव्या पट्टीचं आयलंड, म्हणजे यूव्हीमधला तिचा तुकडा, सरळ ठेवलेलं होतं. उभ्या पट्ट्यांची आयलंड जागा वाचावी म्हणून मी नव्वद अंशात फिरवून आडवी टाकली होती. म्हणजे आडव्या पट्टीवरचं वर-खाली टेक्श्चरमध्येही वर-खालीच, ते हिरव्या चॅनलवर चाललेलं. उभ्या पट्ट्यांवरचं वर-खाली टेक्श्चरमध्ये डावं-उजवं झालेलं, ते लाल चॅनलवर. वरून उजेड पडला की जिथे हिरव्याचं काम तिथे खड्डे, जिथे लालचं काम तिथे खिळे. बाजूने उजेड आला की उलट. बेक, यूव्ही, मॉडेल, काहीच चुकलेलं नव्हतं. अख्ख्या मॅपचा हिरवा चॅनल उलटा होता.

वर कुठली बाजू मानायची यावर दोन रिवाज आहेत, दोन ग्राफिक्स प्रणालींच्या नावांनी ओळखले जाणारे. ओपनजीएल पद्धतीत हिरवा वाढला की कल वरच्या दिशेने, डायरेक्टएक्स पद्धतीत खालच्या. ब्लेंडर आणि युनिटी हे दुसरं गेम इंजिन पहिली पद्धत पाळतात, अनरियल दुसरी. हे मला माहीत नव्हतं असं नाही, नव्या मुलांना मीच शिकवते. पण एक्स्पोर्ट करताना मागच्या, युनिटीच्या कामासाठी बनवलेला प्रीसेट, म्हणजे ठरवून ठेवलेल्या सेटिंग्जचा संच, तसाच राहिला होता. आणि डोळा वरून उजेड येतो असंच धरून चालतो. चंद्रावरच्या विवराचा फोटो उलटा धरला की तिथे टेकडी दिसते, तसंच इथे झालं. मी सकाळपासून वरूनच उजेड टाकत होते आणि अर्धे खिळे बरोबर दिसले म्हणून मॅप बरोबर आहे असं समजत होते. सगळेच खड्डे दिसले असते तर दोन मिनिटांत हिरव्याकडे गेले असते.

अनरियलमध्ये टेक्श्चर उघडून हिरवा चॅनल उलटवायची एक चौकट आहे, तिच्यावर टिक केली की झालं. दादांनी ती टिक करू दिली नाही. फाइल एक सांगते आणि इंजिन दुसरं, तर सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात ती फाइल गेल्यावर त्याने काय समजायचं? मला ते पटलं. योग्य प्रीसेट निवडून पुन्हा एक्स्पोर्ट केलं, २०४८ बाय २०४८चा मॅप पुन्हा आत घेतला आणि दिवा पेटाऱ्याभोवती पूर्ण फिरवला. सगळे खिळे बाहेरच राहिले.

तेव्हा कुठे मनात आलं की हा प्रीसेट मी पेटाऱ्यासाठी पहिल्यांदा वापरलेला नाही. या गेमसाठी माझ्या आणखी पाच वस्तू दोन महिन्यांपासून लेव्हलमध्ये होत्या. बादली, बाकडं, पिंप, मशाल आणि दरवाजा. पाचही तपासून मंजूर झालेल्या. दिवा घेऊन एकेक तपासायला बसले. पाचही उलट्या निघाल्या. बादली, बाकडं, मशाल यांच्यावर लाकडाचे रेषे आणि ओरखडेच होते. रेषा आत आहे की बाहेर, कुणाच्या लक्षात येणार? पिंपाच्या कड्या खऱ्या मॉडेल केलेल्या, म्हणून तेही खपून गेलं होतं.

दरवाज्याचं मात्र मला फार लागलं. त्यावर मी एक वेल केली होती, लाकडातून वर आलेली, पानांच्या कडा किंचित वळलेल्या. तिच्या शिल्पकामात तीन दिवस गेले होते. दोन महिने ती लाकडात खोदल्यासारखी दिसत होती आणि सगळ्यांनी, खुद्द मीसुद्धा, ती तशीच आहे असं धरलं होतं. नवा मॅप आत गेला तशी वेल फळीवर उठून आली.

लेव्हल सजवणारी मुलगी शेजारून जाताना थबकली. "ताई, दरवाजा नवा केलात?"

"नाही गं," मी म्हटलं, "पहिल्यापासून असाच होता," आणि बादलीची फाइल उघडली.