तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीवरचा लेडली किंग

माझ्या दवाखान्यात पेशंटच्या खाटेसमोर एका फुटबॉलपटूचा फोटो लावलेला आहे. पांढरी जर्सी, दंडाला कॅप्टनची पट्टी. मी कोल्हापुरात फिजिओथेरपी करते, त्यामुळे पेठापेठांतून तालमीकडून, म्हणजे पेठेच्या फुटबॉल संघाकडून, खेळणारी पोरं येतात. फोटो मेस्सीचा नाही, रोनाल्डोचा नाही, म्हणजे "मॅडम, ह्यो कोण?" हे ठरलेलंच. नाव सांगितलं की लगेच पुढचं, "जिंकलं काय त्यानं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्याचं नाव लेडली किंग. लंडनच्या टॉटेनहॅम हॉटस्पर क्लबचा सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा. जिंकलं म्हणाल तर इंग्लंडमधल्या क्लबांचा एक लीग कप, २४ फेब्रुवारी २००८ ला वेम्बलीवर, चेल्सीविरुद्ध जादा वेळेत २-१ असा. त्यानंतर २०२५ च्या मे महिन्यात युरोपातल्या क्लबांची युरोपा लीग स्पर्धा जिंकेपर्यंत टॉटेनहॅमच्या कुठल्याही कॅप्टननं करंडक उचलला नव्हता. १९ जुलै २०१२ ला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, डावा गुडघा आता साथ देत नाही म्हणून किंग थांबला. माझ्या मते त्या क्लबच्या चाहत्यांनी त्याच्यावर जेवढा जीव लावला, तेवढा दहा करंडकवाल्यांच्या वाट्यालाही येत नाही. असं का, हाच खरा प्रश्न आहे.

पूर्व लंडनमधल्या बो भागात जन्मलेला हा मुलगा पोरवयात क्लबात आला आणि मे १९९९ मध्ये अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध पहिला सामना खेळला. दोन वर्षांनी, २००१ च्या उन्हाळ्यात, टॉटेनहॅमचा कॅप्टन सोल कॅम्पबेल करार संपल्यावर आर्सेनलला गेला. आर्सेनल म्हणजे शेजारचा हाडवैरी. ज्यांनी पेठेचा खेळाडू समोरच्या तालमीकडून खेळताना पाहिलाय, त्यांना मी यापुढे काही समजावून सांगायला नको. त्या रिकाम्या जागेवर, बचावाच्या मध्यभागी, हा शांत मुलगा उभा राहिला आणि शेवटपर्यंत दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून खेळला नाही. प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगचे, २६८ सामने, सगळे एकाच जर्सीत.

तो खेळायचा कसा, हे सांगितल्याशिवाय गोष्ट कळायची नाही. बचावपटू सहसा ओढतात, धरतात, अंगावर जातात. किंग चेंडू अलगद काढून घ्यायचा. आर्सेनलच्या थिएरी ऑन्रीनं स्वतः सांगितलं होतं, की हा मला धरून ठेवत नाही, तरी माझ्याकडून चेंडू सहज काढून घेतो. नोव्हेंबर २००६ मध्ये चेल्सीविरुद्धच्या सामन्यात त्यांचा आर्येन रॉबेन गोलकीपरच्या रोखानं एकटा सुटला होता. रॉबेन म्हणजे त्या काळातल्या सगळ्यांत वेगवान विंगरांपैकी, मैदानाच्या कडेनं धावणाऱ्यांपैकी, एक. किंगनं मागून धावत त्याला गाठलं आणि पेनल्टी बॉक्समध्ये चेंडू स्वच्छ काढला. जरा चुकला असता तर पेनल्टी आणि लाल कार्ड. ती क्लिप मी अजून पोरांना दाखवते आणि शेवटच्या दोन पावलांत त्याचं शरीर कुठे आहे तेवढं पाहा म्हणते. टॉटेनहॅमनं तो सामना २-१ जिंकला. लीगमध्ये चेल्सीला हरवायला त्यांना सोळा वर्षं लागली होती.

आता गुडघा. आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात ना, 'गादी झिजली', तीच गोष्ट. दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. तिथे रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती एकदा गेली की आपोआप भरून येत नाही. किंगच्या डाव्या गुडघ्यात ती उरलीच नव्हती. २००८ च्या अखेरीस मॅनेजर हॅरी रेडनॅपनं उघडच सांगितलं, की हाडावर हाड घासतंय, यावर इलाज नाही, ऑपरेशन करायचं तरी कशाचं. प्रत्येक सामन्यानंतर गुडघा सुजायचा आणि सूज उतरायला पुढचा आठवडा जायचा. मग हा माणूस संघाबरोबर सराव करेनासा झाला. पोहणं, जिम, विश्रांती, आणि थेट सामना. आठवडाभर चेंडूला पाय न लावता प्रीमियर लीगमध्ये उतरायचं! माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, हे कागदावर शक्य नाही म्हणतील. तरी ५ मे २०१० ला मँचेस्टर सिटीच्या मैदानावर युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या क्लब स्पर्धेतली, चॅम्पियन्स लीगमधली, जागा ठरवणारा सामना टॉटेनहॅमनं १-० असा जिंकला, तेव्हा बचावात किंगच होता. त्याच उन्हाळ्यात तो वर्ल्ड कपला गेला आणि अमेरिकेविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात मध्यंतराला जांघेच्या दुखापतीनं बाहेर आला. इंग्लंडसाठी २१ सामने; गुडघा धड असता तर किती झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

चाहत्यांनी या सगळ्याचं गाणं केलं. लेडलीला गुडघा एकच आहे आणि तरी तो जॉन टेरीपेक्षा सरस आहे, असा त्याचा अर्थ. टेरी म्हणजे तेव्हाचा चेल्सीचा आणि इंग्लंडचा कॅप्टन. टॉटेनहॅमच्या तेव्हाच्या मैदानावर, व्हाइट हार्ट लेनवर, हजारो माणसं हे गळा फाडून म्हणायची, आणि किंग समोर खेळत असायचा. मला वाटतं, खरी मानवंदना ती. निवृत्तीनंतर सगळेच चांगलं बोलतात. १२ मे २०१४ ला त्याच्या सन्मानार्थ सामना झाला, तेव्हाही ते स्टेडियम त्याच्यासाठी भरलं. पण तोवर निरोप देऊन झाला होता. शेवटच्या तीन-चार वर्षांत प्रत्येक सामना शेवटचा असू शकतो हे त्यालाही माहीत होतं आणि बघणाऱ्यांनाही. सामन्याआधी तासभर संघाची यादी लागायची आणि आम्ही चाहते सगळ्यांत आधी एकच नाव शोधायचो. ते असलं की बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. सराव न करणाऱ्या, महिनोन्‌महिने गायब होणाऱ्या कॅप्टनला दुसरीकडे कुठे कुणी सांभाळून घेतलं नसतं. इथे वाट पाहणं हेच चाहत्यांचं काम होतं आणि त्यांनी ते तक्रार न करता केलं. तो टिकला तसे तेही टिकले.

पण तुम्ही खेळाडू आहात, म्हणून दुसरी बाजूही सांगते. २००८ साली किंग माझा पेशंट असता, तर मी त्याला थांब म्हटलं असतं. आज जे पाच वर्षं खेळलं, त्याचा हिशेब गुडघा पन्नाशीत मागतो. त्याच्यामागे प्रीमियर लीगच्या क्लबचे डॉक्टर होते, रोज पोहायला तलाव होता, आणि किंमत मोजायचं त्यानं जाणतेपणी ठरवलं होतं. शाहू स्टेडियमवर सामन्याआधी सुजलेल्या गुडघ्यावर कुणीतरी दिलेली गोळी घेऊन उतरणाऱ्या पोराकडे यातलं काही नसतं. लोक नाव घेऊन ओरडत असतात तेव्हा नाही म्हणायला फार बळ लागतं, हेही मला दिसतं. म्हणून फोटोकडे बोट दाखवून मी कुणाला "त्याच्यासारखं सोस" म्हणत नाही. त्याच्यासारखं पोह, म्हणते. मांडीचा स्नायू मजबूत कर, आठवड्यात दोन सामने घेऊ नकोस, आणि सूज असेल तर आधी मला फोन कर. तालमीच्या मंडळींनाही सांगते, की टॉटेनहॅमनं थांबलेल्या किंगला वाऱ्यावर सोडलं नाही, क्लबचा अ‍ॅम्बॅसेडर, म्हणजे मानाचा प्रतिनिधी, म्हणून जवळ ठेवलं. तुमचा पोरगा गुडघा धरून बसला, की पुढच्या हंगामात त्याला बाकावर तरी जागा द्या.