अप्पांचे बत्तीस बोअर पिस्तूल: जून 2024 ते फेब्रुवारी 2025 च्या नोंदी

22 जून 2024

लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा केलेले पिस्तूल या आठवड्यात परत मिळाले. सोलापुरात 7 मे रोजी मतदान झाले, 4 जूनला निकाल लागला, आणि मार्चअखेरीस तेलाचा हात फिरवून दिलेली वस्तू जवळजवळ तीन महिन्यांनी हाती आली. देताना मी एक चूक केली होती, ती आधी लिहून ठेवतो. अप्पांनी वापरलेले जुने चामड्याचे कव्हर तसेच ठेवून मी पिस्तूल जमा केले. चामडे हवेतला ओलावा धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा अंशही त्यात राहतो, त्यामुळे काळसर निळ्या झिलईच्या पोलादाला त्याचा सहवास अजिबात मानवत नाही. स्लाइडच्या, म्हणजे नळीवर मागेपुढे सरकणाऱ्या पोलादी खोळीच्या, उजव्या अंगावर, कव्हरची शिवण जिथे टेकत होती नेमकी तिथे, बारीक नारिंगी ठिपक्यांची एक रेघ उमटली होती. मुठीच्या पट्ट्या काढल्यावर चौकटीवरही तांबूस धूळ दिसली.

ज्यांनी पूर्वीच्या नोंदी पाहिलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे बेल्जियमच्या एफएन कारखान्याचे 1910 मॉडेल आहे. जॉन ब्राउनिंग यांची रचना, बत्तीस बोअर, म्हणजे 7.65 मिलिमीटर, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, सात काडतुसे, एकूण लांबी सुमारे 15 सेंटिमीटर आणि रिकामे असताना वजन 600 ग्रॅमच्या आसपास. अप्पांनी ते 1981 साली दुसऱ्या एका परवानाधारकाकडून घेतले. कांद्याच्या व्यापारात रोकड बाळगावी लागे, म्हणून तो परवाना होता. अप्पांनी सत्तरी ओलांडल्यावर शस्त्र नियम 2016 मधील वारसांसाठीच्या तरतुदीनुसार अर्ज केला आणि परवाना माझ्या नावावर झाला. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे, त्यामुळे नूतनीकरणाची तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे. नव्या पिस्तुलांच्या मानाने हे यंत्र साधे आहे, पण इतक्या नेटकेपणाने घडवलेली दुसरी वस्तू आमच्या घरात नाही.

ठिपके काढायला मी पॉलिश पेपर वापरला नाही आणि कोणी वापरूही नये, कारण गंजाबरोबर झिलईही निघून जाते. तेल लावून रात्रभर ठेवले आणि सकाळी जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने हलक्या हाताने पुसत राहिलो. तिसऱ्या दिवशी रेघ गेली. एक फिकट डाग उरला आहे, तो आता तसाच राहील.

कापडाबद्दल दोन शब्द. आमचा व्यवसाय अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणण्याचा, त्यामुळे कापडाला तोटा नाही. सुरुवातीला मी टॉवेलचेच तुकडे नळीतून फिरवले. टॉवेलच्या फासांमधून सुटलेले तंतू झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली अडकतात आणि तेलात भिजून लगदा होतो, हे चिमट्याने तो लगदा काढताना समजले. दहा-बारा वर्षे धुऊन विरलेले धोतर किंवा पंचा हेच खरे. त्याचे साधारण तीन सेंटिमीटरचे चौकोन कापून मी डब्यात भरून ठेवले आहेत.

14 जुलै 2024

नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पिस्तूल रिकामे, काडतुसे वेगळ्या कुलूपबंद डब्यात, मूळ परवाना खिशात. 28 काडतुसे झाडली, म्हणजे चार वेळा मॅगझिन रिते केले, आणि त्यात चार अडथळे आले. चारही वेळा एकच चित्र होते: आधीची पुंगळी व्यवस्थित बाहेर पडली, स्लाइड पुढे आली, पण पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्याच्या जागेत, गेलेच नाही. दोन वेळा काडतुसाचे टोक खाली झुकून मॅगझिनच्या पुढच्या भिंतीला टेकलेले होते.

माझा पहिला संशय स्लाइडला परत पुढे ढकलणाऱ्या रिकॉइल स्प्रिंगवर गेला. या रचनेत नळीला कुलूप लावणारी व्यवस्था नाही. स्लाइडचे वजन आणि नळीभोवतीची ती एक स्प्रिंग यांच्या जोरावरच गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत मागची बाजू बंद राहते. साडेचार ग्रॅमच्या गोळीला एवढे पुरते. पण ही स्प्रिंग किमान चार दशके जुनी आहे, तेव्हा तीच थकली असणार, असे मी धरून चाललो. एका कारागिराला दाखवले, तर त्याने स्प्रिंगकडे पाहिलेही नाही. चेंबरच्या तोंडाशी असलेला उतार कानशीने घासून गुळगुळीत करून देतो, असे तो म्हणाला. मी नम्रपणे नकार दिला आणि पिस्तूल परत घेतले. पोलाद एकदा घासले की परत लावता येत नाही, आणि दोष कुठे आहे हे कळण्यापूर्वी कानस हाती घेणे मला मान्य नाही.

11 ऑगस्ट 2024

या वेळी पद्धत बदलली. माझ्याकडे दोन मॅगझिन आहेत आणि दिसायला ती सारखीच आहेत. त्यांच्या तळपट्टीवर पांढऱ्या रंगाने 1 आणि 2 असे आकडे घातले. प्रत्येकातून 14 काडतुसे झाडायची आणि अडथळा आला की घाईने स्लाइड न ओढता नळी लक्ष्याच्या दिशेला ठेवून आधी नीट पाहायचे व लिहायचे, असे ठरवले. हे काम आपण सर्वांनी पहिल्याच दिवशी करायला हवे, असे मला आता मनापासून वाटते. दोन आकडे घालायला पाच मिनिटे लागली आणि त्यांनी महिन्याभराचा तर्क निकालात काढला.

क्रमांक 2 मध्ये तीन अडथळे आले, क्रमांक 1 मध्ये एक. क्रमांक 2 चे तीनही सारखे होते: काडतूस वर येण्यास उशीर होत होता आणि स्लाइड त्याच्या डोक्यावरून निघून जात होती. घरी तळपट्टी सरकवून स्प्रिंग बाहेर काढली, तेव्हा खालच्या दोन वेढ्यांवर गंजाने खड्डे पडलेले दिसले. दोन्ही स्प्रिंगा पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवल्या, तर क्रमांक 2 ची जवळजवळ एका वेढ्याने आखूड भरली. रिकॉइल स्प्रिंगचा यात काही दोष नव्हता.

क्रमांक 1 चा एकुलता अडथळा मात्र वेगळा होता आणि त्यानेच मला जास्त शिकवले. वरचे काडतूस बोटाने पुढे ढकलले तरी हलेना. बत्तीस बोअर काडतुसाची कड शरीरापेक्षा किंचित बाहेर आलेली असते, सुमारे 9.1 मिलिमीटर, तर बुडाजवळचे शरीर साडेआठच्या जरा वर. म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटरहून थोडी अधिक कड, नखाने जेमतेम जाणवेल इतकी. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे असली पाहिजे. ती मागे राहिली तर खालची कड तिला अडवते आणि स्लाइडने कितीही जोर लावला तरी वरचे काडतूस पुढे सरकत नाही. याला रिमलॉक म्हणतात. हा दोष काडतुसाच्या आराखड्यातच आहे आणि लांबीला आखूड असलेल्या काडतुसांना मागेपुढे हलायला जागा मिळत असल्यामुळे त्यांच्यात तो अधिक संभवतो. पण माझ्या बाबतीत कारण माझी भरण्याची सवय होती. मी काडतूस सरळ खाली दाबत होतो. ते पुढून ठेवून, खालच्याला दाबत मागे सरकवत नेले आणि शेवटी मॅगझिनची पाठ तळहातावर हळूच आपटली की कडा एकामागे एक नीट बसतात. आता प्रत्येक काडतूस भरल्यावर बाजूच्या छिद्रांतून नजर टाकतो.

त्याच दिवशी अप्पांच्या काळातली 11 काडतुसे मार्गी लावली. पितळेवर हिरवट पापुद्रा आला होता. ती झाडून संपवा, असे रेंजवरच्या एका ज्येष्ठांनी सुचवले, पण मला ते पटले नाही. जुन्या प्राइमरमधल्या, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीमधल्या, क्षारांमुळे नळीत मीठ साचते आणि ते ओलावा ओढून घेते, हे एक कारण. काडतूस उशिरा पेटण्याची भीती हे दुसरे. चाप ओढल्यावर काही झालेच नाही, तर नळी लक्ष्याकडे ठेवून किमान 30 सेकंद थांबावे लागते, आणि ते थांबणे हौसेने ओढवून घेण्यासारखे नाही. ती अकरा काडतुसे रीतसर लेखी अर्ज करून जमा केली आणि पोच परवान्याच्या फाइलला लावली.

29 सप्टेंबर 2024

परवानाधारक गनस्मिथकडून क्रमांक 2 ची स्प्रिंग बदलून आणली. शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार दुरुस्तीच्या व्यवसायाला स्वतंत्र परवाना लागतो, त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. या कारागिराने रिकॉइल स्प्रिंग हातात घेतली, लांबी मोजली आणि वय पाहता तीही बदलावी, असे सांगितले. सैल स्प्रिंगमुळे स्लाइड मागे चौकटीवर जोराने आदळते आणि जुन्या पोलादाला ते बरे नसते, हे त्यांचे म्हणणे योग्य आहे. तरीही मी या खेपेस फक्त मॅगझिनची स्प्रिंग बदलली. दोन्ही एकदम बदलल्या असत्या, तर दोष कशाने गेला हे मला कधीच कळले नसते.

साफसफाईचा क्रम आता पक्का झाला आहे. आधी मॅगझिन काढायचे आणि मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचे व करंगळीने चाचपायचे. या पिस्तुलात मॅगझिन काढल्यावर चाप काम करत नाही, पण त्या सोयीवर विसंबून चेंबर न तपासणे हा अक्षम्य हलगर्जीपणा आहे. नंतर नळीच्या तोंडाशी असलेली खाचेदार टोपी दाबून फिरवायची. इथे स्प्रिंगचा पूर्ण ताण असतो, म्हणून अंगठा टोपीवरून उचलायचा नाही, डोळ्यांवर चष्मा हवा आणि तोंड बाजूला हवे. एकदा ती टोपी निसटून तुळईवर आपटली होती, तेव्हापासून मी हे काम मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करतो. पुढे सेफ्टीचा खटका स्लाइडच्या खाचेत अडकवायचा, नळी फिरवून तिच्या पोटावरचे दाते चौकटीतून सोडवायचे आणि स्लाइड पुढून काढून घ्यायची.

तेलाचे प्रमाण हा सोलापुरातला खरा प्रश्न आहे. मे महिन्यात पारा 43 अंशांच्या पुढे जातो, पातळ तेल ओघळून मुठीत उतरते, आणि हवेतली काळ्या मातीची धूळ व आमच्याकडे तर सुताची कणीही उरलेल्या तेलात बसून तिची खळ होते. म्हणून उन्हाळ्यात सरकत्या पट्ट्यांवर काडीच्या टोकावर मावेल एवढेच ग्रीस लावतो, बाकी सर्वत्र पुसून उरेल तेवढाच तेलाचा थर ठेवतो, आणि स्ट्रायकरच्या, म्हणजे प्राइमरवर आपटणाऱ्या सुईच्या, पोकळीत तेल अजिबात सोडत नाही. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हात फिरवतो. साबण आणि गार पाण्याने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नाही, कारण प्राइमरच्या काजळीत शिसे असते.

15 ऑक्टोबर ते डिसेंबर 2024

विधानसभेची आचारसंहिता लागली आणि पिस्तूल पुन्हा जमा झाले. या वेळी चामडे नाही. आत-बाहेर तेल, मुठीच्या पट्ट्यांखालीही तेल, तेलकट कापडात गुंडाळणी, सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि त्यावर झिपची पिशवी. पोचपावतीवर क्रमांक तपासून घेतला. निकाल 23 नोव्हेंबरला लागले. डिसेंबरात परत मिळाले तेव्हा खिडकीपाशी उजेडात धरून इंच न इंच पाहिले, आणि नवा ठिपका एकही नव्हता.

9 फेब्रुवारी 2025

गड्ड्याची यात्रा उरकली, कारखान्यातली गडबड कमी झाली आणि रेंजवर वेळ मिळाला. 42 काडतुसे, दोन्ही मॅगझिनमधून प्रत्येकी 21, अडथळा शून्य. दहा मीटरवर शेवटच्या सात गोळ्या साधारण 12 सेंटिमीटरच्या वर्तुळात बसल्या. स्लाइडच्या वरच्या खोबणीत लपलेली इवलीशी माशी, म्हणजे नेम धरायची खूण, पाहता मी त्यावर पूर्ण समाधानी आहे.

संध्याकाळी अप्पांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून शून्याचा आकडा पाहिला आणि मॅगझिन हातात मागितले. "मी कायम सरळ दाबूनच भरत होतो रे," ते म्हणाले. मग मी सहा बिनदारूची सराव-काडतुसे काढली, जी चाप ओढण्याच्या सरावासाठी ठेवतो, आणि ती त्यांनी माझ्या देखत पुढून ठेवून, मागे सरकवत, एकेक करून भरली. रिकॉइल स्प्रिंग मार्चमध्ये बदलायची आहे.