आधी कोरडं, मग ओलं: आमची वाटचाल

मी आणि मावशींनी पहिलं घर साफ केलं ते 2008 च्या गणपतीआधी. सामान म्हणजे दोन बादल्या, लांब दांड्याचा कुंचा, एक लोखंडी पातं आणि जुन्या धोतराची फडकी. मावशींनी पुण्यात पेठेतल्या घरांमध्ये वीस वर्षं धुणीभांडी, केरफरशी केली होती. फोन आणि हिशेब मी बघायचे, काम कसं करायचं ते त्यांनी ठरवायचं आणि नफा निम्मा-निम्मा, असं बोलणं झालं होतं.

त्या दिवशी मी उत्साहानं कपाटाच्या माथ्यावर ओलं फडकं फिरवायला गेले, तर मावशींनी हात धरला. म्हणाल्या, "ताई, धुळीला पाणी दाखवलं की चिखल होतो. आधी झटका, मग पुसा." जाळीजळमटं, पंखा, कपाटांचे माथे, खिडक्यांच्या खोबणी, मग ओटा आणि सगळ्यात शेवटी फरशी, तीही आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. आमचा क्रम आजही हाच आहे. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून तो बाहेर ओढायचा, म्हणजे धूळ अभ्र्यात राहते, गादीवर सांडत नाही, हेही त्यांचंच. पुढे मायक्रोफायबर आलं, तेव्हा ते दोनदा दुमडून आठ बाजू वापरायची शिस्त त्यांनीच लावली. (ही फडकी धुताना कपड्यांचं कंडिशनर घालू नका, मळ धरायची त्यांची ताकद जाते.) लाल फडकं संडासाचं, हिरवं ओट्याचं. यात गल्लत झाली की मावशी मुलीला त्या दिवसापुरतं घरी पाठवायच्या.

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातल्या काकू आमच्या पहिल्या वर्षापासूनच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, जमिनीला जुनी शहाबादी फरशी. त्या एक वही ठेवायच्या: तारीख, कोण आलं, कुठल्या खोलीत काय वापरलं. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. त्याच वहीनं पुढे आम्हाला तारलं.

मळ दोन जातींचा असतो, तेलाचा आणि क्षाराचा, आणि दोघांचं औषध उलटं. ओट्यामागच्या टाइल्सवरचा चिकटा गरम पाण्यातल्या धुण्याच्या सोड्यानं सुटतो. चिमणीची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर मात्र ती त्यात बुडवू नका, काळी पडते. पुण्याच्या कडेला वाघोली, उंड्रीकडे बोअर नाहीतर टँकरचं पाणी, त्यामुळे नळांवर पांढरे थर. तिथे सोडा घासत बसलात तर हात भरून येतील, थर जागचा हलणार नाही. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून ठेवायचं आणि पंधरा मिनिटं थांबायचं.

ही पंधरा मिनिटंच आमच्या जिवावर उठली. "तुमच्या मुली नुसत्या उभ्या असतात," अशी तक्रार किती घरांतून आली! औषध लावल्यावर त्याला काम करू द्यायचं असतं, लगेच घासून काही मिळत नाही, हे समजावून सांगताना माझा घसा बसायचा.

पाच-सहा वर्षं बरी गेली, दोघींची चौदा माणसं झाली. मग एका दसऱ्यानंतर आमचाच सुपरवायझर सहा मुलांना घेऊन बाहेर पडला. जाताना दिवाळीच्या बुकिंगची डायरी आणि आमचे निळे टी-शर्टही नेले. त्याला मी कामाला लावलं, हाताला धरून शिकवलं, धाकट्या भावासारखं वागवलं. आम्हाला पाच तास लागायचे ते घर तो दीड तासात उरकायचा, दरही निम्मा. हातात ॲसिडची बाटली असली की थांबायची गरजच पडत नाही.

नळावरचा पांढरा थर आणि पायाखालची शहाबादी, कोटा किंवा संगमरवर, हे सगळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. त्यामुळे जे आम्ल थर काढतं, तेच फरशी खातं. ॲसिड टाकल्यावर फेस येतो तेव्हा घरमालकाला वाटतं मळ निघतोय, पण विरघळत असतो तो दगड. आठवडाभर फरशी उजळ दिसते. मग कळतं की गुळगुळीतपणा गेलाय, आणि खरखरीत झालेला दगड आधीपेक्षा दुप्पट मळ धरतो.

एका मोठ्या सोसायटीचं वर्षाचं काम आमच्याकडे होतं. तिथल्या एका विंगच्या कोटा फरशीवर त्या सुपरवायझरनं ॲसिड ओतलं, आणि माणसांच्या अंगात आमचे निळे टी-शर्ट. कमिटीनं ठपका आमच्यावर ठेवला, तीन महिन्यांचं बिल अडवलं. बातमी पसरली, चार कामं गेली. उरलेल्यांतल्याही काही माणसांना कमी करावं लागलं. मावशींनी चार महिने आपला हिस्सा उचलला नाही, आणि साठीला टेकलेल्या असताना पुन्हा गुडघ्यावर बसून फरशा पुसल्या.

कमिटीच्या बैठकीला काकू स्वतःहून रिक्षानं आल्या, सोबत वही आणि शहाबादीचा एक फुटका तुकडा. मी त्या तुकड्याच्या अर्ध्या भागावर लिंबू पिळलं, अर्ध्यावर आमचं साबणाचं पाणी टाकलं. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. पुसलं तेव्हा लिंबाच्या बाजूला फिका, निस्तेज डाग, दुसरी बाजू जशीच्या तशी. मग काकूंनी वही उघडून सांगितलं, "सहा वर्षांत या बायकांनी माझ्या घरात ॲसिडची बाटली आणलेली नाही. तारखा वाचून दाखवू?" अध्यक्षांनी तोंडी चूक मान्य केली. लेखी द्या म्हटलं, तर विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. बिल निम्मं मिळालं.

तिथून सावरलो, माणसं परत आली. 2020 मध्ये लॉकडाऊन उठत गेलं तसे "फक्त हायपोक्लोराइट फवारून जा" असे फोन सुरू झाले. (हायपोक्लोराइट म्हणजे जंतू मारायचं ब्लीच.) आम्ही तसं काम घेतलं नाही. मळावर मारलेलं हायपोक्लोराइट त्या मळातच संपतं, आधी साबणानं धुवायलाच हवं. आणि ते संडास साफ करायच्या आम्लाच्या लिक्विडबरोबर कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तर जिवाशी खेळ. आमच्याकडे या दोन बाटल्या एका बादलीत ठेवायलासुद्धा बंदी आहे.

आता मावशींचे गुडघे चालत नाहीत. शनिवारी येतात, नव्या मुलींच्या हातात कोरडं फडकं देतात आणि पहिला आठवडा पाण्याला हात लावू देत नाहीत. काकूंचा वाडा पाडून इमारत झाली. त्यातल्या चार शहाबादी फरशा त्यांनी मागून घेतल्या आणि नव्या घराच्या बाल्कनीत बसवल्या. गेल्या दिवाळीत त्या पुसायला मावशी हट्टानं स्वतः गेल्या, मी बादली धरून बरोबर. काकूंनी वहीत तारीख टाकली, पुढे लिहिलं: साधं पाणी, थोडा साबण.

त्या सोसायटीकडून उरलेलं निम्मं बिल आणि ते लेखी पत्र अजून यायचं आहे.