एका फाटकाच्या दोन झडपा

लाकडी फाटकाला कोणता रंग द्यावा, असा प्रश्न घेऊन येणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा शेडकार्ड असते. मी ते सध्या बाजूला ठेवायला सांगतो आणि आधी फाटकापाशी जाऊन उभा राहतो. ही पद्धत माझ्या अंगवळणी पडली ती एका सागवानी फाटकामुळे, आणि ते काम मला आजही तपशिलासह आठवते.

फाटक दोन झडपांचे होते. जुने घर उतरवताना निघालेल्या तुळया चिरून घरमालक काकांनी ते करून घेतले होते आणि लाकडाच्या रेषा दिसत राहाव्यात म्हणून त्यावर पारदर्शक, चकचकीत व्हार्निश मारून घेतले होते. डावी झडप झाडाच्या दाट सावलीत होती, तर उजवीवर दुपारपासून मावळतीपर्यंत थेट ऊन पडत असे. डाव्या झडपेवरची तकाकी जवळजवळ तशीच होती. उजवीवरचे व्हार्निश मात्र पोपड्यांनी सुटले होते आणि जिथे ते गळून पडले होते तिथे लाकूड राखेसारखे करडे झाले होते. लाकूड एकच, डबा एकच, काम करणारे हातही तेच. फरक होता तो केवळ उन्हाचा.

काकांच्या मुलीचे म्हणणे होते की, आता सरळ काळपट करड्या रंगाचा ऑइलपेंट द्यावा, म्हणजे पुन्हा खरवडत बसायला नको. "बाबा, रेषा दिसाव्यात म्हणून किती वेळा हा खर्च करायचा?" असे ती म्हणाली. काकांनी उत्तर दिले नाही, पण त्यांचा हात झडपेवरून फिरत राहिला. दोघांचीही बाजू मला पटत होती. उन्हापावसात दीर्घकाळ टिकण्याच्या बाबतीत अपारदर्शक रंगाला तोड नाही, हे मी कोणापासून लपवत नाही; पण इतके जुने, मुरलेले सागवान रंगाखाली गाडणे माझ्याही जिवावर येत होते.

मी एका पोपड्याखाली पत्री, म्हणजे खरवडायची पातळ पट्टी, सरकवली. बोटभर रुंदीची पट्टी अलगद सुटून आली आणि ती उलटी करून मी दोघांना दाखवली. तिच्या आतल्या बाजूला लाकडाची बारीक, तपकिरी भुकटी चिकटलेली होती. व्हार्निश लाकडावरून सुटले नव्हते, तर लाकडाचा सर्वांत वरचा थर भुसभुशीत होऊन व्हार्निशसकट उचलला गेला होता. पारदर्शक थरातून उन्हातील अतिनील किरण आरपार जातात आणि लाकडाचे तंतू एकमेकांशी धरून ठेवणारे लिग्निन मोडून टाकतात. मग वरचा थर कितीही चिवट असला तरी त्याला धरायला खाली काही उरत नाही. उन्हाला अडवते ते मुख्यतः रंगद्रव्य. म्हणजे काकांना रेषा हव्या असल्या तरी नितळ थर चालणार नव्हता आणि रंगाची थोडी छटा पत्करणे भाग होते.

यानंतर झडप बिजागऱ्यांवरून उतरवली आणि आडवी ठेवली. माझ्या मते फाटकाची खरी तपासणी इथेच होते, कारण उभ्या पट्ट्यांची खालची टोके कोणी पाहत नाही. ती पूर्णपणे कोरी होती. लाकडाच्या आडव्या छेदातून पाणी सपाट अंगापेक्षा कितीतरी वेगाने वर चढते, त्यामुळे रंग कोणताही निवडला असता तरी तो तळापासूनच सुटायला लागला असता. ओलावामापकाच्या सुया वरच्या पट्टीत टोचल्या तेव्हा 12 टक्के आकडा दिसला, तर तळाशी 22. पंधरा टक्क्यांच्या खाली येईपर्यंत मी ब्रश उचलणार नाही, असे सांगून झडपा हवेशीर पडवीत ठेवल्या.

वाळण्याच्या त्या काळात रंगाची निवड झाली, आणि ती शेडकार्डावरून झाली नाही. झडपेच्या आतल्या अंगाचा एक भाग घासून स्वच्छ केला आणि त्यावर स्टेनच्या, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या तेलयुक्त पातळ रंगाच्या, सागवानी, अक्रोडी आणि शिसवी अशा तीन छटांचे प्रत्येकी दोन हात दिले. एका हातावर ठरवलेली छटा दुसऱ्या हातानंतर हमखास गडद निघते. सकाळी, भर दुपारी आणि पाणी शिंपडून असे तिन्ही नमुने आम्ही पाहिले. सागवानी छटा सुंदर होती, पण तिच्यात रंगद्रव्य फारच थोडे होते. शिसवीत रेषा बुडत होत्या, शिवाय गडद रंग ऊन अधिक शोषतो आणि लाकूड तापून सांधे अधिक हलतात. अक्रोडीत रेषाही दिसत होत्या आणि मुलीला हवा होता तसा भारदस्तपणाही होता. चकाकी नको, यावर दोघांचे लगेच एकमत झाले.

उरलेले काम कष्टाचे होते, पण सरळ होते. दोन्ही झडपा कोऱ्या लाकडापर्यंत खरवडल्या. 80 आणि मग 120 नंबरच्या पॉलिश कागदाने घासून तिथेच थांबलो, कारण याहून गुळगुळीत केलेले लाकूड स्टेन पुरेसा पीत नाही. धारदार कडांवर थर टिकत नाही, म्हणून त्या किंचित गोल केल्या. सागवानात मुळातच तेल असल्याने स्टेन देण्यापूर्वी थिनरच्या फडक्याने अंग पुसून घेतले. खालच्या टोकांना मात्र ती पिणे थांबवीपर्यंत स्टेन पाजत राहिलो. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कधीही टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतो.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा गेलो आणि दोन्ही झडपांवर पाण्याचे थेंब सोडले. डावीवर ते मण्यांसारखे उभे राहिले. उजवीच्या वरच्या पट्टीत मात्र हळूहळू मुरले. मुरणाऱ्या स्टेनचे पोपडे निघत नाहीत, त्यामुळे खरवडण्याची गरज नव्हती. पट्टी धुऊन, वाळवून तिच्यावर एक हात दिला, आणि उन्हाच्या झडपेला दर वर्षी व सावलीच्या झडपेला थेंब मुरू लागतील तेव्हाच हात द्यायचा, असे त्या मुलीने स्वतःच ठरवून टाकले.