ड्रेस्डेनचे काळे दगड

"आई, हे चर्च कुणी नीट धुतलं नाही का गं?"

अल्बममधले २००५ सालचे जर्मन टपाल तिकीट चिमट्यात धरून बसलेल्या लेकीला मी जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराच्या फ्राउएनकिर्शे या बरोक (अलंकृत जुन्या युरोपीय) शैलीतल्या चर्चचे मोठे छायाचित्र दाखवले, तेव्हा तिने पहिला प्रश्न हाच विचारला. फिकट पिवळ्या भिंतींत मधूनमधून काळेकुट्ट दगड होते. मी घाईत "जुने आहेत" एवढेच म्हणाले आणि दिवसभर ते उत्तर मला टोचत राहिले.

वास्तुकार गेओर्ग बेअरच्या आराखड्यानुसार १७४३ मध्ये पूर्ण झालेले हे चर्च दुसऱ्या महायुद्धात फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश-अमेरिकी विमानांनी केलेल्या बॉम्बवर्षावानंतर दोन दिवस आगीत तग धरून उभे होते आणि १५ तारखेला कोसळले. ढिगारा चाळीसहून अधिक वर्षे तसाच पडून राहिला. पुनर्बांधणीत त्यातलेच हजारो दगड पुन्हा बसवले गेले; भिंतींतले काळे दगड ते हेच. घुमटावरचा नवा क्रॉस घडवणाऱ्या ब्रिटिश कारागिराचे वडील त्याच हल्ल्यात वैमानिक होते.

हा वालुकाश्म हवेने काळवंडतोच, त्यामुळे नवे दगडही हळूहळू काळे पडतील. रात्री हे सांगितल्यावर लेक म्हणाली, "मग तेव्हा जुने कोणते, हे कसं ओळखणार?"

तुम्ही काय सांगितले असते?