तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच घरातली दोन मुलं

उपासना संपल्यावर दाराशी, कुणाच्या बाप्तिस्म्याला, मुलांच्या शिबिरात, कुणी ना कुणी मला बाजूला घेतंच. "मुलांना विश्वासात टिकवायला तुम्ही घरी नेमकं काय केलंत?" विचारणाऱ्या बहुतेक तरुण आया असतात, एक मूल कडेवर आणि एक हाताशी. त्यांची काळजी खरी असते. तरी प्रश्न ऐकला की माझ्या पोटात कालवतं, कारण त्यांची नजर माझ्या मुलीवर असते. ती अठराची आहे, शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या शाळेत, लहान वर्गाला शिकवते. तिच्याहून तीन वर्षांनी मोठा मुलगा शिकायला बाहेर असतो आणि गेली दोन वर्षं तो उपासनेला जात नाही. हे ज्यांना ठाऊक आहे त्या प्रश्न फिरवून विचारतात. "तुमच्या घरी तर रोज प्रार्थना असायची. मग असं कसं झालं?"

आजवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. एकदा सगळं सांगून टाकते.

आमच्याकडे रात्री जेवणं झाली की एक गीत, शास्त्रातला उतारा, मग लहानापासून मोठ्यापर्यंत प्रत्येकाची प्रार्थना. रविवारी नवं वचन घ्यायचं, शनिवारी ते पाठ म्हणून दाखवायचं. ताप असला तरच सुटका. यात मी कडक होते आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांच्या मनावर वचन बिंबवायला सांगितलंय, ते एकट्या याजकांना नाही, सगळ्या इस्राएलाला. जागा सांगितली आहे ती घर आणि वाट, वेळ सांगितली आहे ती निजायची आणि उठायची. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ साली आपली छोटी प्रश्नोत्तरं लिहिली तेव्हा घरच्या कर्त्याने ती घरातल्यांना साध्या शब्दांत शिकवावीत, असं मथळ्यातच घातलं. आणि ज्या शब्बाथशाळेवर आपण सगळं सोपवतो, ती रॉबर्ट रेक्सने १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये सुरू केली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांसाठी. तिथे त्यांना वाचायला शिकवण्यापासून सुरुवात होती. आठवड्याचे १६८ तास असतात. त्यातला एक तास पाळकांच्या पदरात टाकून उरलेल्या १६७ तासांबद्दल अवाक्षर न काढणारे आईबाप भेटले की मला अजूनही राग येतो.

तेव्हा घरात प्रार्थना हवीच, हे माझं मत बदललेलं नाही. पण त्या प्रार्थनेचा मी एकदा जो वापर केला तो सांगितल्याशिवाय माझ्या बाकीच्या बोलण्याला काही किंमत नाही.

मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता, मुलगी नऊ. महिन्याच्या दानाचं पाकीट मी कपाटाच्या खणात ठेवत असे. एका शनिवारी संध्याकाळी ते तिथे नव्हतं. त्याच आठवड्यात मुलाने कशासाठी तरी पैसे मागितले होते आणि मी नाही म्हटलं होतं. दुपारी तो त्या खणापाशी काहीतरी शोधताना दिसलाही होता. मी विचारलं, "पाकीट पाहिलंस का रे?" तो म्हणाला, "नाही." मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या मनात निकाल लागला होता.

रात्री प्रार्थनेत माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटून म्हणाले, "हे प्रभू, तुझ्यापासून काही लपलेलं नाही. आमच्यातल्या कुणी तुझ्या दानाला हात लावला असेल तर तू त्याच्या मनाला स्पर्श कर. त्याला खरं बोलायची शक्ती दे." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, खोलीत आम्ही चौघंच होतो. डोळे मिटलेले असले तरी त्याचा श्वास बदललेला मला ऐकू आला. आई रागावली तर मूल उलट बोलू शकतं, रडू शकतं, पाय आपटत निघून जाऊ शकतं. प्रार्थना चालू असताना यातलं काहीच करता येत नाही. शेवटी सगळ्यांबरोबर "आमेन" म्हणावं लागतं. तो म्हणाला. स्वतःवरच्या आरोपाला माझ्या मुलाने आमेन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रात्री त्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आज माझी प्रार्थना नाही." असं तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला होता. मला तो पुरावा वाटला.

बुधवारी मी गीतपुस्तक उघडलं आणि पाकीट माझ्या मांडीवर पडलं. शुक्रवारच्या गीताच्या पानात खूण म्हणून मीच घातलं होतं. चौघांनीही पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मुलाने पाहिलंच नाही. आणि मी काय केलं? गीत सुरू केलं. तीन कडवी पूर्ण म्हटली. मग डोळे मिटून म्हणाले, "हे प्रभू, आम्ही माणसं घाईने न्याय करतो. आमच्या चुकांची आम्हाला क्षमा कर." शनिवारी बोट एकावर होतं तेव्हा "त्याच्या मनाला" होतं. बुधवारी चूक माझी निघाली तेव्हा ती "आमची" झाली, चौघांत वाटून टाकली.

तेवढ्यात माझी नऊ वर्षांची मुलगी मधेच म्हणाली, "आई, देवाला काय सांगतेस? दादाला सांग."

मी डोळे उघडले. तिचे उघडेच होते. आणि मी तिला म्हणाले, "प्रार्थना चालू असताना मधे बोलू नये."

हे वाक्य मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. पाकिटाची गोष्ट सांगायचे, मुलगी काय म्हणाली तेही कौतुकाने सांगायचे, आणि तिथेच थांबायचे, जणू मी लगेच उठून त्याच्याजवळ गेले. मी गेले नाही. मी तिला गप्प केलं आणि प्रार्थना पूर्ण केली. मुलगा उठला, गीतपुस्तक मिटून फळीवर ठेवलं आणि झोपायला गेला.

रात्री उशिरा मी त्याच्या बिछान्याजवळ बसले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. म्हटलं, "माझं चुकलं." तो म्हणाला, "बरं." मी उठणार तेवढ्यात म्हणाला, "तू माझं नाव का नाही घेतलंस, आई? नाव घेतलं असतंस तर मला ‘मी नाही’ असं म्हणता आलं असतं."

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण नेलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तो उतारा मी शब्बाथशाळेत शिकवला होता. माझ्या मुलीने तो पाठ केला होता. दानाचं पाकीट मांडीवर, मुलगा हाताच्या अंतरावर, आणि मला आठवला नाही. तिला आठवला की तिला आपलं साधं वाटलं ते ती बोलली, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

त्यानंतर घरात काही गोष्टी बदलल्या. मुलांची चूक प्रार्थनेत काढायची नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याशी आधी डोळे उघडे ठेवून बोलायचं. माझी चूक असली तर "आम्ही" म्हणायचं नाही. कुणाला प्रार्थना करायची नसेल तर त्याने नुसतं बसावं, कारण विचारायचं नाही. हे शेवटचं मला फार जड गेलं. शिस्त गेली की सगळंच जाईल अशी भीती वाटायची.

आणि गुरुवार. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या आईची, सुझाना वेस्लीची गोष्ट तुमच्यापैकी अनेकींनी मला ऐकवली आहे: एकोणीस बाळंतपणं, जगलेली दहा मुलं, तरी आठवड्यात एकेका मुलासाठी एकेक संध्याकाळ राखलेली. तिच्या जॉनचा वार गुरुवार होता, आणि मोठा झाल्यावरही त्याने ती वेळ आईकडे पुन्हा मागितली. पूर्वी ही गोष्ट मला टोचायची, कारण मला दोनच मुलं होती आणि तरी कुणाचाच वार नव्हता. पाकिटानंतर मी मुलाला गुरुवार दिला, मुलीला सोमवार. त्या वेळी मी शास्त्र काढत नसे. तो बोलेल ते ऐकायचं. पहिले कित्येक गुरुवार तो काहीच बोलला नाही.

हे सगळं सांगितलं की तुम्ही लगेच म्हणता, म्हणजे हाच उपाय. तसं म्हणू नका. हा उपाय असता तर तो आज उपासनेला जात असता.

नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायातलं सहावं वचन तर माझ्यासमोर इतक्यांनी म्हटलं आहे की कुणी "मुलाला" म्हणून सुरुवात केली तरी मला पुढचं कळतं. शिक्षण नीट दिलं तर म्हातारपणीही तो त्यापासून ढळणार नाही. याचा उलटा अर्थ उघड आहे: ढळला, म्हणजे दिलं नाही. पण नीतिसूत्रं म्हणजे शहाण्या माणसांनी पाहून काढलेलं जगण्याचं शहाणपण. ते लेखी करारपत्र नाही. शास्त्रातल्या एली याजकाच्या वाया गेलेल्या पोरांबद्दल सगळे बोलतात. शमुवेल संदेष्ट्याच्या पोरांबद्दल कुणी बोलत नाही. देवाची हाक लहानपणी ऐकलेला तो माणूस, आणि त्याचे योएल आणि अबीया लाच खाऊन न्याय फिरवायचे. शास्त्र त्यासाठी शमुवेलाला दोष देत नाही. तसंच सोडून देतं. भरकटलेल्या मुलासाठी, संत ऑगस्टीनसाठी, रडत प्रार्थना करणाऱ्या मोनिकाच्या अश्रूंची गोष्टही मला सांगतात. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला आणि त्याच वर्षी ती गेली, म्हणजे तिला तो बघायला मिळाला. शेवट माहीत असला की ती गोष्ट सांगणं सोपं असतं. मी मधल्या पानावर आहे.

मी त्याला एकदा स्पष्ट विचारलं, "त्या पाकिटामुळे का रे?" तो म्हणाला, "नाही, आई. सगळं स्वतःवर नको घेऊस. माझे प्रश्न माझे आहेत." देव ऐकत असेल तर इतक्या लोकांचं का ऐकत नाही, हा त्याचा एक प्रश्न. दुसरा मंडळीतल्या माणसांच्या वागण्याचा. दोन्ही प्रश्न मला मान्य आहेत आणि माझ्याकडे त्याला पुरेल असं उत्तर नाही. खरं सांगायचं तर "पाकिटामुळे नाही" हे ऐकून माझी निराशा झाली. माझी चूक असती तर ती मला दुरुस्त तरी करता आली असती.

लूकने येशूच्या लहानपणाची एकच गोष्ट सांगितली आहे, त्याच्या बाराव्या वर्षाची. वल्हांडण सण आटोपून सगळे परत निघाले. मुलगा बरोबरच्या लोकांत असेल असं समजून मरीया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले. तो तिथे नव्हता. मी हा उतारा किती वेळा वाचला असेन, पण आता त्या एका दिवसापाशी अडखळते. घोळका देवाच्या लोकांचा, वाट सणाहून परतायची, सगळं नीट चाललेलं. म्हणून वळून पाहिलं नाही. माझा मुलगाही रोज रात्री आठ-नऊच्या दरम्यान आमच्यात बसलेला असायचा.

मुलीबद्दलही मला निर्धास्त समजू नका. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत दोन मुलं आहेत, आणि शेवटी घराबाहेर उभा राहतो तो कधीच घर न सोडलेला. बापाला त्याची समजूत घालायलाही बाहेर यावं लागतं. माझी मुलगी विश्वास ठेवते की आईला आणखी दुःख नको म्हणून वचनं पाठ करते? एका सोमवारी मी तिला विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "दोन्ही असेल." या उत्तराने मला जितकी भीती वाटली तितकाच धीरही आला.

अनुवादाच्या त्याच सहाव्या अध्यायात पुढे लिहिलं आहे: उद्या तुझा मुलगा तुला विचारेल, या सगळ्या आज्ञांचा अर्थ काय? त्याला काय सांगायचं तेही दिलं आहे, आणि त्याची सुरुवात "आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो" अशी आहे. म्हणजे आधी आईबापाने आपण कुठून सोडवले गेलो ते सांगायचं. मी मुलांना दहा आज्ञा शिकवल्या, स्तोत्रं शिकवली. मी कुठे अडकले होते ते कधी सांगितलं नाही, कारण आई विश्वासात पक्की दिसली पाहिजे असं मला वाटायचं. ते आता फोनवर, गुरुवारी, थोडं थोडं सांगते.

घरातली प्रार्थना अजून चालू आहे. आता तिघंच बसतो. तो गेल्यावर त्याच्यासाठी प्रार्थना करताना मी "आमचं बाहेरगावी असलेलं लेकरू" असं म्हणायचे. एका रात्री स्वतःचंच ऐकून थांबले. पुढच्या गुरुवारी त्याला विचारलं, "प्रार्थनेत तुझं नाव घेतलं तर चालेल?"

तो म्हणाला, "घे. पण काय मागतेस ते मला आधी सांग."

मी सांगितलं. तो परत यावा असं मागते, हेही लपवलं नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारलं, "ताईटलीला गायनात घेतलं का या वर्षी?" बहिणीला तो लहानपणापासून याच नावाने हाक मारतो. मी हो म्हटलं. मग आम्ही तिच्याबद्दल बोलत राहिलो.