तिचं जॅकेट काढायचं, म्हणून गाडी आधी तापवायची

गेल्या डिसेंबरात इथे अमेरिकेत, मिनेसोटात, डेकेअरच्या बाहेर तिथल्या बाईंनी मला थांबवलं. लेकीला मी गाडीतल्या तिच्या सीटवर बसवलं होतं, पट्टे आवळले होते आणि दार लावणार, तेवढ्यात त्या मागून आल्या. "एक मिनिट, काही दाखवू का तुम्हाला?" त्यांनी पट्टे सैल न करता नुसतं बक्कल सोडलं, लेकीचं फुगीर जॅकेट काढलं आणि तिला परत त्याच पट्ट्यांत बसवून बक्कल लावलं. मग छातीवरच्या पट्ट्याखाली स्वतःची मूठ घातली. अख्खी मूठ सहज आत गेली. "धडक बसली की जॅकेटमधली हवा दबते, आणि पट्टा खरा इतका सैल असतो," त्या म्हणाल्या. बाहेर उणे अठरा होतं. त्यांच्या अंगात फक्त कार्डिगन होतं आणि हे सगळं त्यांनी हातमोजे काढून केलं. लेकीला परत बांधून झाल्यावर जॅकेट उलटं करून तिच्या पुढून, पट्ट्यांवरून पांघरलं आणि "हॅव अ गुड इव्हनिंग" म्हणून आत पळाल्या.

मी दहा मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिले. दोन हिवाळे मी माझ्या पोरीला त्या जॅकेटासकट बांधत होते आणि पट्टे घट्ट आहेत असं समजत होते.

घरी येऊन वाचलं, तर इथले बालरोगतज्ज्ञ हेच सांगतात: जाड कोट पट्ट्याखाली नको, पातळ थर घाला, पट्टे आवळा आणि वरून कोट किंवा ब्लँकेट घाला. नाशिकला आईला फोनवर सांगितलं तर ती हादरलीच. "अगं, एवढ्या थंडीत पोरीचं जॅकेट काढायचं? निफाडला पाच डिग्री झालं तरी आपण पोरांना दोन-दोन स्वेटर चढवतो!" तिचं चूक नाही. मिनेसोटाची थंडी शब्दांत सांगून कळत नाही. आम्ही यायच्या आधी, ३० जानेवारी २०१९ ला, मिनिआपोलिसचा पारा उणे ३३ सेल्सिअसला टेकला होता आणि त्या दिवशी पोस्टानेसुद्धा टपाल वाटलं नव्हतं. तसे दिवस रोज येत नाहीत. पण सकाळी सातला उणे वीस म्हटलं तर इथे कुणी मान वर करून बघत नाही. अशा वेळी रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत तीन वर्षांच्या मुलीचं जॅकेट काढायचं असेल, तर गाडी आधीच गरम हवी.

खाली जाऊन गाडी चालू करून ठेवायची म्हटलं, तर पोर तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. नवऱ्याची शिफ्ट पहाटे पाचला सुरू होते. चावी आत ठेवून चालू गाडी सोडून जायला मिनिआपोलिस शहरात बंदी आहे, आणि चोर नेमक्या अशाच गाड्या उचलतात. आमच्या इमारतीच्या तळघरात पार्किंग आहे, पण त्या यादीत आमचा नंबर अजून लागलेला नाही. म्हणून रिमोट स्टार्ट. घरातून बटण दाबायचं, दारं कुलूपबंद असतानाच इंजिन सुरू होतं, हीटर चालतो, आणि चावी घेऊन कुणी आत बसल्याशिवाय गाडी हलत नाही. दहा-पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर ती आपोआप बंद होते.

हे मी इतकं फोड करून लिहितेय, कारण व्हॉट्सॲपवर रिमोट स्टार्टचं नाव काढलं तेव्हा एका मावसभावाने "अमेरिकेत जाऊन बरीच चैन चाललीय" असं लिहिलं होतं. चैन नाही ती. इंजिनाला एवढा वेळ तापवायची गरज नसते, हे मलाही ठाऊक आहे. मिनिटभरात हळूहळू निघालं तरी चालतं. पेट्रोल जळतं हेही खरं. ते मी माझ्या मुलीच्या पट्ट्यासाठी जाळते.

तर जानेवारीत जुन्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. नवीन गाडीचा हप्ता झेपणार नव्हता, म्हणून वापरलेली बघायला लागलो. एका डीलरच्या जाहिरातीत २०१४ ची छोटी एसयूव्ही दिसली: ९२,००० मैल, ११,९०० डॉलर, आणि वैशिष्ट्यांच्या यादीत तिसऱ्या ओळीत 'रिमोट स्टार्ट'. मी त्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

मिनेसोटात रविवारी गाड्या विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे रविवारी डीलरचं आवार शांत असतं. जुनी मंडळी सांगतात, गाडी बघायला रविवारीच जा, मागे-मागे फिरणारं कुणी नसतं. आम्ही गेलो. काचेवर सरकारी नियमानं लावावं लागणारं 'बायर्स गाइड', म्हणजे वॉरंटी आहे की नाही हे सांगणारा कागद, होतं आणि त्यात 'ॲज इज' (आहे तशी) वर खूण होती. या राज्यात ७५,००० मैलांच्या आतली गाडी असेल तर डीलरला थोड्या दिवसांची वॉरंटी द्यावी लागते. पुढे काही नाही. म्हणजे गेटबाहेर पडलो की सगळं आमच्या माथी. मी बर्फात गुडघे टेकून टॉर्चने खाली बघितलं. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाने इथल्या गाड्या खालून गंजतात. मागच्या उजव्या चाकाच्या कमानीवर रंग फुगला होता, बोटाने दाबला तर पापुद्रा निघाला. पुढचे दोन टायर एका कंपनीचे, मागचे दुसऱ्या. सगळं वहीत लिहिलं.

सोमवारी संध्याकाळी गेलो. विक्रेता साठीचा, बोलायला गोड. चाचणीसाठी गाडी चालवून झाली, टेबलावर बसलो आणि तो आकडे नवऱ्याला सांगायला लागला. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर नवऱ्याकडे बघून यायचं. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर नवरा म्हणाला, "गाडी ती चालवणार आहे आणि पैशांचंही तीच बोलणार आहे." त्यानंतर नवरा शेवटपर्यंत बोलला नाही. त्याबद्दल मी त्याला मानते.

मी एकच विचारलं: 'आउट द डोअर' किती? म्हणजे सगळं धरून गेटबाहेर पडतानाचा आकडा. इथे गाडीवरच्या किमतीला अर्थ नसतो. विक्रेत्याने कागद फिरवला. ११,९०० वर ६.८७५ टक्के कर, कागदपत्रांची फी, टायटल (मालकीचा दाखला), नोंदणी आणि ६९९ डॉलरचं 'प्रोटेक्शन पॅकेज'. एकूण १३,७१७.

"पॅकेजमध्ये काय आहे?"

"रंगाला कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन."

"ज्या रंगाला खालून गंज फुटलाय त्याला कोटिंग?" मी वही उघडली आणि कमानीचा फोटो पुढे केला.

घासाघीस करताना मला इथे नेहमी एक गोष्ट टोचते. "तुम्ही इंडियन लोक फार बार्गेन करता," हे वाक्य मी ऑफिसात हसत-हसत बोललेलं ऐकलंय. दुधाच्या डब्यावर इथे कुणी भाव करत नाही हे खरं. पण गाड्यांच्या बाबतीत हे लोकही तेच करतात, फक्त त्याला 'निगोशिएशन' म्हणतात आणि त्यावर पुस्तकं लिहितात. माझी आई भद्रकालीच्या बाजारात मेथीची जुडी उचलायची, उलटी करून बुंध्याकडची माती बघायची, परत ठेवायची आणि चालू लागायची. दहाव्या पावलाला हाक यायची. तिला कुणी पुस्तक दिलं नव्हतं.

मग मी म्हटलं, "आधी रिमोट स्टार्ट दाखवा."

त्याने चावी हातात घेतली. तिच्यावर चार बटणं: लॉक, अनलॉक, डिकी, भोंगा. पाचवं बटण नाही. "हे ॲपवरून चालतं," तो म्हणाला. "सबस्क्रिप्शन घेतलं की सुरू होईल."

मला याच उत्तराची अपेक्षा होती. आदल्या रात्री लेक झोपल्यावर मी दोन तास त्या मॉडेलच्या मालकांनी लिहिलेलं वाचलं होतं. त्या वर्षीच्या गाडीतला मोडेम, म्हणजे तिला मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग, थ्री-जी आहे, आणि एटी अँड टी या फोन कंपनीने त्यांचं थ्री-जी २२ फेब्रुवारी २०२२ ला बंद केलं. त्या दिवसापासून अशा कितीतरी गाड्यांचा फोनशी संबंध तुटला. गाडी धडधाकट आहे, स्टार्टर शाबूत आहे, पण आज्ञा पोचवणारी तारच कापलेली. सबस्क्रिप्शनचे कितीही पैसे भरले तरी ते सुरू होणार नाही. मी हे सांगितलं तेव्हा तो फोनवर खरोखर शोधून बघत होता. त्याला ते माहीत नव्हतं असं मला वाटतं. जाहिरातीतली यादी गाडीच्या चॅसिस नंबरावरून आपोआप भरली जाते: कारखान्यातून निघताना जे होतं ते छापलं जातं, आज चालतं का हे कुणी तपासत नाही.

या गोष्टीचा मला अजून राग आहे. विकलेल्या वस्तूतलं कंपनीने परत काढून घ्यायचं, हे मला पटतच नाही. २०२१ च्या शेवटी इथे गाजलं होतं की टोयोटाच्या काही गाड्यांमध्ये चावीवरच्या बटणाचा रिमोट स्टार्टसुद्धा मोफत मुदत संपली की महिन्याला ८ डॉलर भरल्याशिवाय चालत नाही. बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी महिन्याचं भाडं लावलं होतं. सीटखालच्या तारा आधीपासूनच बसवलेल्या होत्या. लोक इतके खवळले की २०२३ मध्ये त्यांना ते सोडून द्यावं लागलं. माझ्या बाबांची बजाजची चेतक स्कूटर होती. थंडीत सुरू होईना की बाबा तिला उजवीकडे जमिनीला टेकेल इतकी आडवी करायचे, क्षणभर धरायचे, सरळ करून चोक ओढायचे आणि किक मारायचे. दोन किकांत ती फटफटायला लागायची, आणि मी दप्तर पाठीला लावून पुढे उभी राहायचे. ती किक आकुर्डीच्या कारखान्यात बसून कुणाला बंद करता आली नसती. या एका बाबतीत मी आमची चेतक वर ठेवते, कुणी काहीही म्हणो.

टेबलावर मी छापलेला स्क्रीनशॉट ठेवला. आई मेथीवर कोथिंबीर वरून मागायची, तसं मी रिमोट स्टार्ट वरून मागत नव्हते. तो जाहिरातीत लिहिलेला होता, त्याची किंमत ११,९०० मध्ये धरलेली होती. एक तर किंमत उतरवा आणि चालणारा रिमोट स्टार्ट बाहेरून बसवून द्या, नाहीतर मी निघते.

तो आत मॅनेजरकडे गेला. परत आला: पॅकेज काढलं. पुन्हा गेला: ५०० कमी. तिसऱ्यांदा आला तेव्हा ११,९५० आउट द डोअर, पण स्टार्टर नाही. मी वही बंद केली, टोपी घातली, हातमोजे घातले. काचेच्या दाराशी पोचले तेव्हा हाक आली. मला भद्रकाली आठवली आणि एकदम इतकं भरून आलं की वळायला मला जरा वेळ लागला. त्यांना वाटलं असेल मी विचार करतेय.

११,६५० वर ठरलं, स्टार्टर बसवून.

"मंगळवारी घेऊन या, आम्ही बघून घेऊ," तो म्हणाला. तोंडी. मी म्हटलं, 'वी ओ' स्लिपवर लिहा. 'वी ओ' म्हणजे आम्ही देणं लागतो: विक्रीनंतर डीलर जे करून देणार त्याचा सही केलेला कागद. 'ॲज इज' गाडीत त्याबाहेरचं काहीही धरायला जागा नसते. आणि तीन दिवसांत गाडी परत करता येते हा आपल्या लोकांत पसरलेला समज डीलरकडे घेतलेल्या गाडीला लागू होत नाही. सही झाली की झाली. त्याने लिहिलं, 'रिमोट स्टार्ट'. मी म्हटलं, पूर्ण लिहा: वेगळ्या बटणाचा, फोन आणि सबस्क्रिप्शनशिवाय चालणारा, मजुरीसकट. त्याने एक शब्दही न बोलता सगळं लिहिलं. त्याचा हा सरळपणा मी नाकारणार नाही. ज्या कागदावर त्याने सही केली तो त्याने पाळला. मंगळवारी गाडी सोडली, संध्याकाळी तयार होती.

बसवणाऱ्या कारागिराने बॉनेट उघडून एक छोटी पिन दाखवली. बॉनेट उघडं असलं की ती वर येते आणि मग बटण दाबलं तरी इंजिन सुरू होत नाही, म्हणजे आत हात घालून काम करणाऱ्याला इजा होत नाही. त्याने बॅटरीही तपासून दिली, न मागता. बॅटरीवर लिहिलेले कोल्ड क्रँकिंग अँपिअर, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायची तिची ताकद, उणे १८ ला मोजलेले असतात, म्हणाला, त्याखाली गेलं की जुनी बॅटरी दगा देते, आणि रिमोट असला तरी गाडी उठणार नाही. तुमची ही बॅटरी दोन वर्षं काढेल.

बुधवारी सकाळी उणे तेवीस होतं. लेक दूध पीत होती. मी खिडकीशी उभी राहून बटण दाबून धरलं. खाली बर्फात आमच्या गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले आणि मागून पांढरी वाफ निघाली. लेक म्हणाली, "आई, ती उठली!" बारा मिनिटांनी आम्ही खाली गेलो. पुढच्या काचेवरचं बर्फ खालच्या कडेने सुटलं होतं. आत उबदार होतं. मी दार लावून घेऊन मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसले, तिचं जॅकेट काढलं, पट्टे ओढले आणि बाईंनी नंतर शिकवलं होतं तसा खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघितला. चिमटीत काही आलं नाही.